घरच्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवून एआय चालेल का? परमपासून आपल्या टेबलापर्यंतचा हिशेब

हा प्रश्न हल्ली मला पत्रकार मित्र विचारतात, वकील विचारतात, परवा एका सोसायटीच्या सचिवांनीही विचारला. कारण सगळ्यांचं एकच. कागद खासगी असतो. माहिती अधिकारात मिळालेली फाईल, पक्षकाराचं टाचण, एखाद्या कामगाराने नाव न सांगण्याच्या अटीवर दिलेली मुलाखत. हे मोबाईलमधल्या फुकट एआयला वाचायला दिलं की तो कागद आपल्या हातातून निघून परदेशातल्या कुणाच्या तरी मशीनवर जातो. पुढे त्याचं काय होतं ते त्यांच्या अटींवर, आणि त्या अटी आपल्यातलं कुणी वाचत नाही.

पत्रकाराच्या बाबतीत हे जास्तच नाजूक आहे. १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यात असं आहे की कौन्सिल पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायला भाग पाडू शकत नाही. पण कोर्टापुढे असं सरसकट संरक्षण आपल्या कायद्यात नाही. तालुक्याच्या गावात तर नाव लपवूनही भागत नाही. "शेती विभागातला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला" एवढं लिहिलं तरी लोक घर दाखवतात. म्हणून उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगतो. तो आपल्याच जिल्ह्यातला आहे.

१९८०च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. हवं होतं ते ताकदवान मॉडेल मिळालं नाही. हवामानाच्या अंदाजासाठी एक लहान मॉडेल दिल्लीत आलं, तेही वापरावर अटी घालून. मशीन आपल्या देशात, पण त्यावर काय चालवायचं याच्या अटी दुसऱ्याच्या! त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ला परम ८००० तयार झाला. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिप्स एकमेकींना जोडून तो केला होता. एक मोठा बैल मिळत नसेल तर लहान बैलांच्या जोड्या जुंपायच्या, असं काहीसं. त्याचा कमाल वेग सेकंदाला १०० कोटी गणितं इतका सांगितला जायचा. १९९८च्या परम १०००० ची मजल १० हजार कोटींपर्यंत गेली. २००७च्या नोव्हेंबरात टाटांच्या कंपनीने पुण्यातच उभारलेला 'एका' जगाच्या यादीत चौथा आला होता.

आता गंमत बघा. गेम खेळणाऱ्या पोरांच्या कॉम्प्युटरमध्ये असतं ते आरटीएक्स ३०६० कार्ड सेकंदाला सुमारे १२ लाख कोटी गणितं करतं. परमची गणितं जास्त अचूक आकड्यांची असत, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरी अंदाज यावा. गणिताची ताकद आता घरात आलेली आहे. अडतं ते दुसरीकडे, त्याकडे येतोच.

त्याच सी-डॅकमधून दुसरी एक गोष्ट आली, जी आमच्या धंद्याला जास्त जवळची. जिस्ट कार्ड. डॉसच्या जमान्यात कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. हे कार्ड खोलून आत बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. म्हणजे मराठीसाठी वेगळं कार्ड लागायचं, आणि आज एआयसाठी लागतं. त्यानंतर श्रीलिपी, आकृतीचे दिवस आले. आमच्या वयाच्या प्रत्येक डीटीपीवाल्याला आठवत असेल, एका फॉन्टमधली बातमी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसत्या किड्या-मुंग्या. पण ते सगळं ऑफलाईन होतं. बातमी फ्लॉपीत, फ्लॉपी खिशात. खासगीपणा हा शब्दही कुणी वापरत नव्हतं, कारण कागद बाहेर जायला रस्ताच नव्हता. पुढे ईमेल आला, मग व्हॉट्सअॅप, मग क्लाउड, आणि सोयीसाठी आपण एकेक दार उघडत गेलो.

परतीचा रस्ता २०२३मध्ये उघडला. फेब्रुवारीत मेटा कंपनीने लामा नावाचं मॉडेल संशोधकांसाठी दिलं, ते थोड्याच दिवसांत सगळीकडे फुटलं. मार्चमध्ये गिओर्गी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रॅमरने असा प्रोग्रॅम लिहिला की ते मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालायला लागलं. आज घरी एआय चालवणारी बरीच सॉफ्टवेअरं त्याच्या कामावर उभी आहेत.

युक्ती काय? मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांची भलीमोठी वही. ७०० कोटी आकड्यांचं मॉडेल घेतलं आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट दिले तर १४ जीबी होतात. तेच आकडे ठोकळ करून अर्ध्या बाइटात बसवले तर साडेतीन, वरचा पसारा धरून चार-साडेचार जीबी. सोनाराच्या तराजूवर ऊस कशाला तोलायचा? कारखान्याच्या काट्यावर किलोत कळलं तरी पुरतं. अचूकपणा थोडा जातो, काम होतं.

म्हणून तुमचा कॉम्प्युटर तपासताना आधी मेमरी बघा, प्रोसेसर नंतर. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरी किती जीबी आहे ते दिसेल. ८ असेल तर तीन-चार जीबी विंडोजच खातं. उरलेल्यात ३०० ते ४०० कोटींचं छोटं मॉडेल बसतं. १६ असेल तर ७०० ते ८०० कोटींचं आरामात. तिथेच जीपीयूवर क्लिक करून 'डेडिकेटेड' मेमरी बघा. १२ जीबीचं कार्ड असेल तर १२०० कोटींचं मॉडेलही पूर्ण कार्डात मावतं.

आणि एक जागा दुकानदारही सांगत नाहीत. मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं. तिथे 'वन ऑफ टू' दिसलं तर एकच पट्टी बसवलेली आहे. मॉडेल प्रत्येक शब्दतुकडा काढताना अख्खी वही पुन्हा वाचतं, त्यामुळे वेग ठरतो तो मेमरीतून माहिती किती भराभर येते त्यावर. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५ जीबी देते, दोन बसवल्या तर ५१. ग्राफिक्स कार्ड ३६०. चार जीबीचं मॉडेल एका पट्टीवर सेकंदाला जास्तीत जास्त सहा तुकडे काढणार.

इथे मराठीला मार बसतो. सी-डॅकच्या काळातल्या इस्की या मानकात मराठीचं एक चिन्ह एका बाइटात बसायचं. आजच्या युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीत, त्याला तीन लागतात. बहुतेक मॉडेल मुख्यतः इंग्रजीवर वाढलेली. सुरुवातीच्या लामाच्या शब्दकोशात फक्त ३२ हजार तुकडे होते, त्यामुळे एका मराठी शब्दाचे बरेच तुकडे व्हायचे. गूगलच्या जेम्मामध्ये अडीच लाखांहून जास्त तुकडे आहेत, तिथे मराठी बरीच हलकी चालते. मॉडेल निवडताना आकारापेक्षा हे आधी बघा.

मी दोन ठिकाणी करून पाहिलं. इंदापूरला माझा २०१९चा कॉम्प्युटर, ८ जीबी, एक पट्टी. बारामतीला भाच्याचा, १६ जीबी आणि १२ जीबीचं कार्ड. मॉडेलची फाईल एकदाच उतरवली आणि मग नेटची वायर काढून ठेवली. वायर काढल्यावरही उत्तर येत असेल तरच ते ऑफलाईन. 'लोकल' म्हणवणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये आता क्लाउडची मॉडेलंही मिसळलेली असतात. वाचायला दिल्या माझ्याच जुन्या छापून आलेल्या बातम्या, कुणाचा खासगी कागद नाही.

माझ्याकडे उत्तर सेकंदाला एक-दीड शब्द, चहा करून यावं इतकं सावकाश. आणि भाषा! नीरा डाव्या कालव्याच्या उन्हाळी आवर्तनाची बातमी होती, त्यात शेपटाकडच्या गावांना पाणी पोचत नाही असं होतं. छोट्या मॉडेलने 'शेपूट' जनावराची धरली. 'काटामारी'चा अर्थ काट्याने केलेली मारहाण! उसाच्या पट्ट्यात ज्या शब्दावर आंदोलनं होतात, तो त्याला माहीत नाही. बारामतीच्या मशीनवर मोठ्या मॉडेलने शेपूट आणि काटा दोन्ही बरोबर ओळखले, वेगही वाचण्यापेक्षा जास्त. पण 'खोडव्या'ला तिथेही अडखळलं, आणि मूळ बातमीत नसलेला एक तारखेचा आकडा सारांशात घुसवला. म्हणजे सारांश छापायला घ्यायचा नाही. कुठल्या पानावर काय आहे ते शोधायला घ्यायचा.

मुलाखतींच्या रेकॉर्डिंगसाठी २०२२ला खुलं झालेलं व्हिस्पर आहे, तेही वायर काढून चालतं. त्याची मराठी कच्ची आहे, पण तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका मुद्दा कुठे आला ते सापडतं. आणि रेकॉर्डिंगमधला आवाज ही तर माणसाची सरळ ओळखच.

काहीजण म्हणतील, आपल्या बारामतीतच कृषी विकास ट्रस्टने उसाला एआय लावलं, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी २०२५च्या सुरुवातीला जगाला सांगितलं, तेही क्लाउडवरच चालतं ना? चालतं, आणि चालू दे. उपग्रहाची चित्रं, हवामान, जमिनीतला ओलावा हे सगळं एकत्र आणायला मोठं मशीन लागतंच. कालव्याचं पाणी आणि विहीर दोन्ही असतात आपल्याकडे. कालव्याची पाळी पाटबंधारे खातं ठरवतं, विहिरीची मोटर आपण. प्रत्येक पिकाला विहीर पुरत नाही हेही शेतकऱ्याला कळतं.

माझं सध्याचं असं ठरलंय: छापून आलेलं, सरकारी वेबसाईटवरचं, ते क्लाउडला द्यायला हरकत नाही. ज्या कागदावर किंवा आवाजात माणूस ओळखू येतो, तो फक्त वायर काढलेल्या मशीनवर, आणि तीही घरातलीच. भाच्याचा कॉम्प्युटर कितीही पळो, तो माझा नाही. दुसरी आठ जीबीची पट्टी दुकानात सांगून ठेवलीय. घेताना आधीच्या पट्टीचा वेग बघून तसलीच मागा, नाहीतर दोन्ही कमी वेगवानीच्या चालीने चालतात. इंदापूर-बारामतीत कुणी असं करून पाहिलं असेल तर मॉडेलचं नाव, मेमरी आणि 'खोडवा'चा काय अर्थ लावला, एवढं खाली लिहा.