एका जीबीचा भाव नको, नंबर जिवंत ठेवण्याचा भाव सांगा



जगातलं सर्वात स्वस्त इंटरनेट भारतात मिळतं, हे वाक्य मंत्र्यांच्या भाषणापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. एका जीबीचा भाव काढला तर त्यात फारसं खोटंही नाही. पण वस्तीतली बाई रिचार्जच्या दुकानात जाऊन जीबीचा भाव विचारत नाही. ती विचारते, "सगळ्यात कमीचा कितीचा आहे?" गेल्या काही वर्षांत या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या उलट दिशेने गेली आहेत. कंपन्यांच्या प्लॅनची तुलना करताना यातला कुठला प्रश्न धरायचा, यावरच स्वस्त-महाग ठरतं.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा कॉल करायला मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास आणि आलेला कॉल घ्यायलाही आठ रुपयांच्या आसपास पडत. समोरच्याने आपली आठवण काढली तरी भुर्दंड आपल्यालाच! तुलना करायला जागाही नव्हती, कारण एका सर्कलमध्ये दोनच खासगी कंपन्या होत्या. आपल्या लोकांसाठी होता तो पीसीओ आणि त्याचा पिवळा बोर्ड.

१९९७ मध्ये ट्राय आली. १९९९ च्या धोरणाने कंपन्यांना जड झालेलं परवाना शुल्क काढून महसुलातला वाटा घ्यायचं ठरवलं. (कंपन्या अडचणीत आल्या की धोरण बदलतं. ग्राहक अडचणीत आला की त्याला कस्टमर केअरचा नंबर मिळतो.) २००२ मध्ये बीएसएनएल मोबाईल सेवेत उतरली आणि त्याच वर्षअखेरीस रिलायन्सही.

पण माझ्या मते गरिबासाठी खरी कलाटणी १ मे २००३ ला मिळाली. त्या दिवसापासून इनकमिंग मोफत झालं. फोन बाळगायला पैसे लागेनात, फक्त बोलायला लागू लागले. त्यातूनच मिस कॉल जन्माला आला. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंग म्हणजे तू फोन कर. नाक्यावरचा मजूर, फडावर गेलेला ऊसतोड कामगार, मुंबईत धुणीभांडी करणारी मावशी, सगळ्यांनी दहा रुपयांच्या रिचार्जवर आणि मिस कॉलवर संसार चालवले. समाजशास्त्रातली मोठमोठी पुस्तकं वाचूनही मला तंत्रज्ञान खालून वर कसं वापरलं जातं याचं याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पुढची सहा-सात वर्षं स्पर्धेची. २००५ च्या अखेरीस 'लाइफटाइम' योजना आल्या. ९९९ रुपये एकदाच भरा, इनकमिंग आयुष्यभर चालू. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल-एमटीएनएलच्या 'वन इंडिया' योजनेत देशात कुठेही एक रुपया मिनिट झाला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आकारला आणि बाकीच्यांना मुकाट्याने मागे जावं लागलं. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून आपल्या सर्कलमध्ये कंपनी बदलता येऊ लागली. ग्राहकाच्या हातात खरी तुलना होती ती या काळात. खिशात दोन सिम, एक बोलायचं, एक घ्यायचं.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि गर्दी पांगू लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने एक चांगलं काम केलं. ठरावीक वेबसाइटच मोफत देणाऱ्या योजनांवर तिने बंदी घातली. फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' त्यात गेलं. गरिबांचं भलं म्हणून विकला जाणारा हा गरिबांसाठीचा वेगळा पाणवठाच होता. त्याच सप्टेंबरात जिओ आली आणि मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट वाटलं. जीबीचा भाव कोसळला, हे खरं. त्याबरोबर कंपन्याही कोसळल्या. एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खासगी आणि एक सरकारी.

आणि मग तो निर्णय आला, ज्याची चर्चा जीबीच्या गोंगाटात कधी झालीच नाही. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्ज आणलं. दर २८ दिवसांनी ३५ रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, नंतर इनकमिंगही बंद. 'लाइफटाइम'चं आयुष्य संपलं. पुढे एअरटेलच्या किमान प्लॅनचा जिना पाहा. जुलै २०२१ मध्ये ७९, त्याच नोव्हेंबरात ९९, २०२३ पर्यंत १५५ आणि तेही २४ दिवसांसाठी, जुलै २०२४ मध्ये २८ दिवसांना १९९. सहा वर्षांच्या आत साडेपाच पटींहून जास्त. तेवढ्या काळात कुणाची मजुरी साडेपाच पट झाली?

जुलै २०२४ ची तुलना तर डोळे उघडणारी आहे. जिओचा सर्वात कमीचा मासिक प्लॅन १८९, एअरटेल १९९, व्हीआय १९९. तिघांचे २८ दिवस, तिघांचा दोन जीबी डेटा. दरवाढही ३ आणि ४ जुलैला, लागोपाठ. याला निवड म्हणायचं का? बीएसएनएलचा १०७ चा प्लॅन मात्र ३५ दिवसांचा होता. दिवसाचा हिशोब काढा: एअरटेलला सात रुपये अकरा पैसे, बीएसएनएलला तीन रुपये सहा पैसे. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. लोकांना तुलना बरोबर कळते.

२८ दिवसांची चलाखीही लक्षात घ्या. महिने बारा, पण रिचार्ज तेरा. १९९ चे तेरा म्हणजे वर्षाला २,५८७ रुपये, एका फोनचे. २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवायला लावला. कंपन्यांनी ठेवलाही, पण तो मागून घ्यावा लागतो.

"१९९ मध्ये अमर्याद कॉल मिळतात, मग तक्रार कसली?" असं म्हणणारे भेटतात. ज्या निराधार आजीला संजय गांधी योजनेचे दीड हजार मिळतात, तिला अमर्याद बोलायचं नाही. तिला बँकेचा मेसेज यायला हवा. त्यासाठी तिने उत्पन्नाचे तेरा टक्के द्यायचे? आमच्या कामात शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना दरवर्षी हेच होतं. कागद सगळे असतात, पण आधारला जोडलेला नंबर रिचार्जअभावी बंद असतो आणि ओटीपी येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येणारा मोबाईल होता. एकच रिचार्ज परवडणाऱ्या घरात तो कुणाच्या फोनवर होतो, हे वेगळं सांगायला नको.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते आणि वीज त्यांच्याकडे होती. १९४३ च्या वीजधोरणाच्या चर्चेत त्यांनी प्रश्न मांडला तो मालकीचा: स्वस्त आणि मुबलक वीज कुणाच्या हातून मिळेल? १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असं थेट लिहिलं. आज ओटीपीशिवाय शिष्यवृत्तीसुद्धा मिळत नसेल, तर मोबाईल नंबर मूलभूत नाही का? आणि या क्षेत्रातल्या सरकारी कंपनीचं आपण काय होऊ दिलं? खासगी कंपन्या फोर-जीवर धावत असताना बीएसएनएलला फोर-जी स्पेक्ट्रम द्यायचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला आणि तिचं देशभरातलं स्वदेशी फोर-जी सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. दरम्यान सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. त्या जागांना आरक्षण होतं. जिओ-एअरटेलच्या जागांना नाही. रिचार्ज महागलं आणि नोकरीही गेली, हे एकाच वहीत लिहायचे दोन आकडे आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक सक्तीचे केले. मागणी योग्यच होती. कंपन्यांनी ते आणले ते असे: जिओ ८४ दिवसांना ४४८, एअरटेल ८४ दिवसांना ४६९. २८ दिवसांचा हिशोब दीडशेच्या आसपास बसतो, पण पैसे तिन्ही हप्त्यांचे एकदम. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे दीड दिवसाची मजुरी एकरकमी, तीही काम मिळालं तर. दहा रुपयांचं टॉपअप आजही मिळतं. त्याने वैधता एका दिवसानेही वाढत नाही.