मनाली–लेह मार्ग

मनाली–लेह मार्ग : हिमाचल प्रदेशातील कुलूचे खोरे आणि लडाखमधील लेह शहर यांना जोडणारा, पीर पंजाल, बृहद् हिमालय व झंस्कार या तिन्ही पर्वतरांगा ओलांडणारा मोटाररस्ता. मनाली (सु. २,०५० मी.) ते लेह (सु. ३,५०० मी.) हे अंतर अटल बोगद्यामार्गे साधारणतः ४३० किमी. भरते, रोहतांग खिंडीच्या जुन्या वाटेने ते त्याहून सु. ४६ किमी. अधिक होते. हिवाळ्यात बारालाचा व त्यापुढील खिंडी हिमाने बुजून जात असल्याने सबंध मार्ग बहुधा मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच वाहतुकीस खुला असतो.

खिंडींच्या उंचीची कोष्टके या मार्गाच्या प्रत्येक वर्णनात आढळतात. प्रस्तुत नोंदीत त्याचा मागोवा पाण्याच्या अनुरोधाने घेतला आहे, कारण देवदारांच्या ओलसर छायेतून निघालेला प्रवासी ज्या क्रमाने वैराण, निरभ्र पठारावर जाऊन पोहोचतो, तो क्रम येथील नद्या व सरोवरे यांच्यात जितका स्पष्ट उमटला आहे तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. मनालीजवळ सोबतीस असणारी बियास नदी सतलजला मिळते. रोहतांगपलीकडे लाहौलच्या मुलखात शिरताच मोसमी पाऊस पीर पंजालच्या भिंतीआड मागे राहतो; येथील बटाट्याची व वाटाण्याची शेते आभाळाच्या भरवशावर नसून, हिमनद्यांचे पाणी डोंगरकुशीतून वळवून आणणाऱ्या, 'कूल' नावाच्या पाटांवर पोसली जातात. रस्ता येथे चंद्रा नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत तांदी या गावी येतो आणि तेथून भागा नदीच्या काठाने, परंतु आता प्रवाहाविरुद्ध, केलाँग, जिस्पा व दारचा या वस्त्यांवरून चढू लागतो.

चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्यांचा उगम बारालाचा खिंडीच्या (सु. ४,८९० मी.) दोन अंगांस आहे. एकाच माथ्यावरून परस्परविरुद्ध दिशांना निघालेल्या या नद्या मोठा वळसा घेऊन तांदीला एकत्र येतात. चंद्राची कन्या व सूर्याचा पुत्र यांच्या प्रेमाची आणि विवाहाची कथा लाहौलमध्ये या संगमाविषयी सांगितली जाते. संगमानंतरच्या प्रवाहास चंद्रभागा म्हणतात व तोच पुढे चिनाब या नावाने ओळखला जातो; वैदिक वाङ्मयातील असिक्नी ती हीच. पंढरपूरजवळ अर्धचंद्राकार वळण घेणाऱ्या भीमेस वारकऱ्यांनी जे नाव दिले, तेच नाव धारण करणारी नदी हिमालयात दोन भिन्न नद्यांच्या नावांच्या संयोगाने सिद्ध झालेली पाहून महाराष्ट्रीय प्रवाशाचे पाऊल तांदीच्या संगमावर क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही.

दारचाच्या वर पात्सेओ येथे पूर्वी लोकरीचा व्यापार चाले. त्याच परिसरातील दीपक ताल हे लहानसे, हिरवट, शांत तळे काठच्या सुळक्यांचे प्रतिबिंब सकाळच्या निवांत वेळी संपूर्ण धारण करते. बारालाचाच्या किंचित अलीकडे असलेला सूरज ताल (सु. ४,८८० मी.) त्याहून पुष्कळ भव्य होय. भोवतालच्या उतारांवरील बर्फ वितळून भरणाऱ्या या सरोवरातूनच भागा बाहेर पडते, आणि रस्ता त्याच्या काठावरून इतक्या निकट जातो की अर्धगोठलेल्या पृष्ठभागावरील निळ्या भेगा गाडीत बसूनही दिसतात. चंद्रेच्या खोऱ्यातील चंद्र ताल (सु. ४,३०० मी.) हमरस्त्यापासून दूर, स्पितीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, बारालाचाहून तेथवर पायी जाण्यास काही दिवसांचे मुक्काम लागतात. २००५ मध्ये त्याचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांत झाला.

बारालाचाच्या उत्तर अंगाचे पाणी युनाम नदीने त्साराप व झंस्कार या नद्यांकडे आणि त्यांच्याद्वारे सिंधूकडे जाते. बियास सतलजमार्गे आणि चंद्रभागाही शेवटी तिलाच येऊन मिळत असल्यामुळे या मार्गावरील बहुतेक सारा ओघ दूर अंतरांवरून का होईना एकाच नदीच्या पदरी पडतो. अपवाद आहे तो त्सो कर या सरोवराचा. त्याकडे जाताना सार्चू (सु. ४,२९० मी.) येथे हिमाचलची हद्द संपते, मग गाटा लूप्स नावाची एकवीस वळणे सु. साडेचारशे मीटर उंची चढवतात. नाकी ला व लाचुंग ला या खिंडी ओलांडून पांगच्या तळावर आले, की सु. ४,७०० मी. उंचीवर जवळजवळ चाळीस किमी. पसरलेले मोरे मैदान लागते, आणि त्याच्या टोकाशी डेब्रिंगजवळून त्सो करची वाट फुटते. या सरोवराला बाहेर पडण्यास वाट नाही. दक्षिणेकडील स्तार्तसापुक या गोड्या तळ्याचे पाणी त्यात येते, तेथेच आटते आणि मागे उरलेले क्षार काठावर पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपाने साचतात. 'त्सो कर' म्हणजे धवल सरोवर. सभोवतालच्या टेकड्यांवर, आजच्या पातळीच्या कितीतरी वर, जुन्या काठांच्या पायऱ्या दिसतात. त्यावरून कोणे एके काळी हे पाणी केवढे विस्तीर्ण असेल याची कल्पना येते. पश्मिन्याच्या शेळ्या पाळणारे चांगपा पशुपालक येथील मीठ गोळा करून त्याचा व्यापार करीत. काळ्या मानेचे क्रौंच येथे वीण घालतात आणि कियांग या रानगाढवांचे कळप मोकळेपणाने चरतात. २०२० मध्ये त्सो करलाही रामसर दर्जा मिळाला. घाईच्या प्रवाशाने याच मुक्कामाची काटछाट करावी, हा प्रघात अत्यंत खेदजनक होय. सूरज तालापासून त्सो करपर्यंतचे अंतर म्हणजे वाहत्या पाण्याच्या राज्यातून साचल्या पाण्याच्या राज्यात प्रवेश असून, त्यावाचून या प्रवासाचा अर्थ अपुरा राहतो.

मोटाररस्त्यापूर्वी ही वहिवाट खेचरे, याक व मेंढ्यांच्या काफिल्यांची होती. इंग्रज प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० मध्ये लाहौलमार्गे याच वाटेने लेहला पोहोचला. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटनेची स्थापना झाली; लडाखमधील रस्त्यांसाठी तिचा 'हिमांक' प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला. सरहद्दीवरील फौजेस रसद पोहोचविणे हा या रस्त्याचा मूळ हेतू असल्याने मुलकी वाहतुकीस त्यावर १९८९ पासूनच मुभा मिळाली. दर उन्हाळ्यात बर्फाच्या भिंती कापून तो मोकळा करणारे, आणि विरळ हवेत खडी फोडणारे मजूर बहुतांशी झारखंड-बिहारकडून येतात. या रस्त्याच्या सौंदर्याचे वर्णन करताना त्यांचे श्रम विसरणे अनुचित ठरेल.

मोरे मैदानावर हवेतील प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सु. ५५ ते ६० टक्केच उपलब्ध असतो. मनालीहून निघून पहिलीच रात्र सार्चूस काढण्याची तजवीज पुष्कळांच्या अंगलट येते. डोकेदुखी, वांती व श्वास लागणे यांवर तातडीने खाली उतरणे हा खात्रीचा उपाय. परंतु सार्चूहून दक्षिणेस बारालाचा आणि उत्तरेस लाचुंग ला उभी असल्याने तेथून खाली उतरण्यासाठी प्रथम आणखी वर चढावे लागते. पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पा येथे करणे म्हणूनच शहाणपणाचे. इंधनाचा शेवटचा भरवसा तांदीच्या पंपावर मानला जाई; पुढचा पंप ३६५ किमी. दूर असल्याची तेथील पाटी प्रसिद्ध आहे. वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारनंतर रस्त्यावर चढतात, यास्तव ते सकाळीच ओलांडावेत.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किमी. लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात जगापासून तुटणाऱ्या लाहौलच्या रुग्णांचे व विद्यार्थ्यांचे हाल पुष्कळ कमी झाले. त्याच्या दक्षिण मुखाशी देवदारांचा दाट हिरवा रंग असतो आणि पाव तासात उत्तर मुखाशी उघडे कडे. जुन्या रस्त्यावर हेच स्थित्यंतर देवदार, मग भूर्ज, मग खुरटे गवत आणि शेवटी नुसता दगड अशा पायऱ्यांनी घडत असे; परवाना मिळाल्यास रोहतांगच्या वाटेनेच जावे. दारचाहून शिंकू ला खिंडीमार्गे पदुम व निमू येथे जाणारा दुसरा रस्ता तयार झाला असून तिच्याखालील बोगद्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले. तो पुरा झाल्यावर लेहकडील अवजड वाहतूक दारचाच्या पुलाशी डावीकडे वळेल, आणि सूरज तालाच्या काठाने, ज्यांना तो पाहावयाचा आहे तेच जातील.