कॅटरिना : घरात शिरलेले पाणी आणि त्यानंतरचे दिवस

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर २९ ऑगस्ट २००५ रोजी आदळलेल्या ‘कॅटरिना’ या चक्रीवादळामुळे लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. बंगालच्या उपसागरात ज्याला आपण चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोच्या आखातात ‘हरिकेन’ म्हणतात. कॅटरिनाच्या बळींची संख्या अनेक वर्षे १,८३३ अशी सांगितली जात होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये फेरतपासणी करून ती १,३९२ अशी निश्चित केली. आर्थिक हानी सुमारे १२५ अब्ज डॉलरची होती. त्यापूर्वी जेमतेम महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. त्यामुळे घरात पाणी शिरणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला त्या वर्षी वेगळे सांगण्याची आवश्यकता नव्हती. तथापि दोन्ही आपत्तींत एक मूलभूत फरक आहे. मुंबईतील बहुतेक भागांतून पाणी एकदोन दिवसांत ओसरले. न्यू ऑर्लिन्समध्ये ते घराघरांत आठवडेच्या आठवडे उभे राहिले.

याचे कारण शहराच्या रचनेत आहे. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन सरोवर आणि मध्ये बशीसारखा खोलगट प्रदेश, असे हे शहर आहे. अठराव्या शतकात वसलेला जुना फ्रेंच भाग नदीने स्वतः टाकलेल्या गाळाच्या उंचवट्यावर आहे. कॅटरिनाच्या वेळीही तो बव्हंशी कोरडा राहिला. पलीकडे दलदल होती. १९१३ मध्ये ए. बाल्डविन वुड या अभियंत्याने मोठ्या क्षमतेचा पंप तयार केला आणि दलदलीतील पाणी उपसून तेथे वस्ती करणे शक्य झाले. मात्र पाणी उपसलेली माती सुकते, आकसते आणि खचते. जमीन जसजशी खचत गेली तसतसे तटबंध उंच करावे लागले, आणि निम्म्याच्या आसपास शहर समुद्रसपाटीच्या खाली गेले. पूर्वीची घरे खांबांवर, जमिनीपासून दोनतीन फूट उंच बांधलेली असत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वसाहतींत मात्र जमिनीवरच काँक्रीटचा थर टाकून घरे उभारण्यात आली. जुन्या बांधणीतील शहाणपण नव्या वस्त्यांनी सोडून दिले होते, आणि त्याची किंमत २००५ मध्ये चुकवावी लागली.

घरीच राहिलेले लोक

२८ ऑगस्टला वादळ आखातावर असताना वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि ते पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, श्रेणीत गेले. त्या दिवशी सकाळी महापौर रे नॅगिन यांनी शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश दिला. महामार्गांच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाणाऱ्या वाहनांसाठी खुल्या करण्यात आल्या आणि सुमारे साडेचार लाख लोकवस्तीपैकी बहुसंख्य लोक बाहेर पडले. तरीही सुमारे एक लाख लोक मागे राहिले. त्यांच्या हट्टीपणाविषयी नंतर बरेच बोलले गेले. वस्तुस्थिती अशी की शहरातील चारपैकी एकाहून अधिक कुटुंबांकडे मोटार नव्हती. महिनाअखेर होती, पगार आणि सरकारी मदत हाती येण्यास काही दिवस अवकाश होता. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध होते, तर कोणाला कुत्र्यामांजरांना सोडून जाणे जमेना, कारण आश्रयस्थानांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. या शेवटच्या कारणाची दखल पुढे कायद्यानेच घेतली. २००६ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार करणे बंधनकारक ठरले.

घरी राहिलेल्यांपैकी अनेकांच्या माळ्यावर कुऱ्हाड होती. १९६५ मध्ये ‘बेट्सी’ वादळाच्या वेळी लोअर नाइन्थ वॉर्ड हा भाग बुडाला होता. तेव्हा पाण्यापासून वाचण्यासाठी माळ्यावर चढलेली माणसे वर छप्पर आणि खाली चढते पाणी यांच्यामध्ये अडकून मेली होती. तेव्हापासून माळ्यावर कुऱ्हाड ठेवण्याची रीत पडली. चाळीस वर्षांनंतर तिचा उपयोग झाला. छपराला भोक पाडून बाहेर आलेली कुटुंबे हेलिकॉप्टरची वाट पाहत बसल्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. ज्यांच्याकडे कुऱ्हाड नव्हती किंवा ती चालवण्याचे बळ नव्हते, अशांचे मृतदेह पुढे माळ्यांवरच सापडले.

पाणी कसे आले

वादळ सकाळी सहाच्या सुमारास ब्युरस या गावाजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरले होते आणि त्याचा केंद्रबिंदू न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेकडून गेला. समुद्राच्या लाटेचा सर्वांत प्रचंड तडाखा शेजारच्या मिसिसिपी राज्याला बसला. तेथे काही ठिकाणी पाण्याची पातळी आठ मीटरहून अधिक वाढली आणि गावांच्या जागी घरांचे केवळ चौथरे उरले. न्यू ऑर्लिन्सची कथा वेगळी आहे. तेथे पाणी शिरले ते तटबंध आणि कालव्यांच्या भिंती सुमारे पन्नास ठिकाणी फुटल्यामुळे.

इंडस्ट्रियल कालव्याची भिंत सकाळी आठच्या आधी कोसळली आणि लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये पाण्याची भिंतच घुसली. येथील घरांना बुडायला काही मिनिटे लागली. कित्येक लाकडी घरे चौथऱ्यावरून उचलली जाऊन शेजारच्या रस्त्यावर, दुसऱ्या घरावर किंवा मोटारीवर जाऊन बसली. शहराच्या मध्य भागातील अनुभव मात्र याच्या अगदी उलट, आणि एका अर्थाने अधिक क्रूर होता. सोमवारी दुपारी वारा पडला. काही खिडक्या फुटल्या, झाडे पडली, परंतु घर शाबूत होते. संकट टळले असे समजून लोक पायऱ्यांवर येऊन बसले. वृत्तवाहिन्यांवरही शहर थोडक्यात बचावल्याचे सांगितले जात होते. त्याच वेळी सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू या कालव्यांच्या फुटलेल्या भिंतींमधून सरोवर शहरात रिकामे होत होते. पाऊस थांबलेला, ऊन पडलेले, आणि रस्त्याच्या कडेचे पाणी मात्र पायरीपायरीने वर येत होते. सरोवर आणि शहर यांची पातळी एक झाली तेव्हाच, १ सप्टेंबरच्या सुमारास, पाणी चढायचे थांबले. काही वस्त्यांत ते दहा फुटांहून अधिक खोल होते.

या दोन कालव्यांच्या भिंतींवरून पाणी वाहून गेले नव्हते. ज्या पातळीसाठी त्या बांधल्या होत्या त्याहून कमी पाण्यातच त्या पायाखालच्या मऊ मातीसह सरकल्या. तटबंधांची जबाबदारी असलेल्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने २००६ मध्ये स्वतःच्या अहवालात रचनेतील हे दोष मान्य केले. त्यामुळे ही केवळ नैसर्गिक आपत्ती होती असे म्हणता येत नाही.

पाण्यात आणि छपरावर काढलेले दिवस

वीज सोमवारी पहाटेच गेली होती. दूरध्वनी बंद पडले, नळाचे पाणी थांबले. तापमान ३२ अंशांच्या वर आणि छपराखालचा माळा त्याहून कितीतरी तापलेला. अशा वेळी पिण्याचे पाणी हाच जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. वादळापूर्वी ज्यांनी न्हाणीतील टब भरून ठेवले होते, त्यांचेही साठे तळमजल्याबरोबर बुडाले. घराभोवतीच्या पाण्यात सांडपाणी, पेट्रोल, कीटकनाशके आणि मृत प्राणी मिसळलेले होते. जखमेतून शिरणाऱ्या व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंमुळे वादळानंतरच्या काळात पाच जण मरण पावल्याची नोंद आहे. शेजारच्या सेंट बर्नार्ड परगण्यात एका तेलशुद्धीकरण कारखान्याची टाकी सरकून सुमारे २५ हजार पिंपे कच्चे तेल वस्तीत पसरले, आणि तेथील घरांच्या भिंतींवर पाण्याच्या रेषेबरोबरच तेलाची काळी रेषाही उमटली. त्याच परगण्यातील एका वृद्धाश्रमात ३५ जण बुडून मरण पावले.

सुटका करणाऱ्यांत तटरक्षक दलाचे काम सर्वांत उल्लेखनीय होते. या दलाने ३३ हजारांहून अधिक लोकांना वाचवले. परंतु पहिल्या दोन दिवसांत कित्येकांना वाचवले ते शेजाऱ्यांनी, मासेमारीच्या होड्यांतून, दारे आणि हवा भरलेल्या गाद्या यांच्या साहाय्याने. वाचवलेल्यांना सोडायचे कोठे, हा पुढचा प्रश्न होता. ‘सुपरडोम’ या क्रीडागृहात वीस हजारांहून अधिक लोक जमले. त्याच्या छपराचा काही भाग वाऱ्याने उडाला होता आणि स्वच्छतागृहे तुंबली होती. हजारो लोक संमेलन केंद्रात आणि महामार्गाच्या उंच पुलांवर उन्हात अडकून पडले. संघराज्याची मदत पोहोचण्यास झालेल्या विलंबावर देशभर टीका झाली आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांना १२ सप्टेंबरला राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाचे आयएल-७६ विमान ताडपत्र्या, चादरी इत्यादी सुमारे २५ टन सामग्री घेऊन आर्कान्सा राज्यात उतरले. श्रीमंत देशाला मदत पाठवण्याचा हा प्रसंग भारतात बराच चर्चिला गेला.

मृतांच्या वयाकडे पाहिले तर घरी राहणे कोणाला भोवले ते स्पष्ट होते. लुइझियानातील बळींपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांवरील होते.

घरी परतल्यावर

पाणी उपसण्याचे काम संपले ते ११ ऑक्टोबरला. मध्यंतरी सप्टेंबरच्या अखेरीस ‘रिटा’ वादळाने लोअर नाइन्थ वॉर्ड पुन्हा बुडवला होता. परत आलेल्यांना प्रथम दिसे ती दारावर रंगाने काढलेली मोठी फुली. तिच्या चार कोनांत शोधपथकाची खूण, तपासणीची तारीख, घरातील धोके आणि सर्वांत खाली सापडलेल्या जिवंत वा मृत व्यक्तींची संख्या लिहिलेली असे. काही वस्त्यांत सुरुवातीला केवळ घर पाहून त्याच दिवशी परत जाण्याची मुभा होती.

अमेरिकेतील घरे बहुधा लाकडी सांगाड्याची असतात आणि त्यावर जिप्समचे तावदान ठोकून भिंत केलेली असते. हे तावदान पाणी टिपकागदासारखे शोषून वर चढवते. त्यामुळे चार फूट पाणी आलेल्या घरातही बुरशी छतापर्यंत पोहोचली होती: काळी, हिरवी, केसाळ. अशा घराला वाचवण्याचा एकच मार्ग होता. सगळे सामान, जमिनीवरील लाकूड, भिंतींची तावदाने आणि त्यांमागचे आवरण काढून केवळ सांगाडा उरवायचा आणि तो सुकू द्यायचा. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि पायात रबरी बूट घालून कुटुंबांनी आपलाच संसार फावड्याने रस्त्यावर आणून टाकला. शीतकपाटांची गोष्ट तर शहराच्या लोककथेत जमा झाली आहे. कित्येक आठवडे बंद राहिलेल्या कपाटात सडलेल्या अन्नाचा वास असह्य असे. दार न उघडता त्याला चिकटपट्टी गुंडाळून ते तसेच बाहेर काढले जाई. रस्त्यांच्या कडेला अशी पांढरी कपाटे रांगेने उभी राहिली आणि लोकांनी त्यांवर राजकारण्यांविषयी टोमणे लिहिले.

विम्याचा घोळ वेगळाच. घराच्या सर्वसाधारण विम्यात वाऱ्याचे नुकसान धरले जाई, पुराचे नाही. पुरासाठी संघराज्याचा स्वतंत्र विमा असून त्यात इमारतीसाठी अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलर एवढीच मर्यादा होती. परिणामी छप्पर वाऱ्याने गेले की पाण्याने, यावर वर्षानुवर्षे दावे चालले. राज्याच्या ‘रोड होम’ योजनेतून सुमारे १ लाख ३० हजार घरमालकांना अनुदान मिळाले. परंतु ते घराची वादळापूर्वीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च यांपैकी कमी रकमेवर ठरे. दोन सारखी घरे दुरुस्त करण्यास सारखाच खर्च येत असला, तरी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील घराची बाजारभावाने किंमत कमी, म्हणून अनुदानही कमी. या सूत्राविरुद्धचा खटला २०११ मध्ये तडजोडीने मिटला. निवाऱ्यासाठी सरकारने दिलेल्या फिरत्या घरांमधील हवेत फॉर्माल्डिहाइड या त्रासदायक वायूचे प्रमाण अधिक असल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. २०१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,४३,८२९ भरली. २००० मध्ये ती ४,८४,६७४ होती.

त्यानंतर सुमारे १४.५ अब्ज डॉलर खर्चून नवे तटबंध, दरवाजे आणि पंप उभारण्यात आले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, कॅटरिनाच्या सोळाव्या स्मृतिदिनीच, ‘आयडा’ हे वादळ लुइझियानावर आले तेव्हा न्यू ऑर्लिन्सचे तटबंध टिकले. परंतु संपूर्ण शहराची वीज अनेक दिवस गेली. घरात पाणी शिरले नाही, तरी बंद घरांतील उष्म्याने अनेक वृद्ध दगावले, आणि काही ठिकाणी दाराशी चालवलेल्या जनित्राच्या धुराने झोपेतच माणसे गेली.