धातूच्या रसाचे कोडे

सोनाराच्या मुशीत सोन्याचा रस झाला की तो पाण्यासारखा वाहू लागतो. घट्ट सोन्यात अणू कवायतीतल्या मुलांसारखे रांगेने उभे असतात. रस होताच रांगा मोडतात. पण मोडल्यावर ते अणू उभे राहतात तरी कसे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी द्रवाला मोडका स्फटिक समजे, तर कोणी दाट वायू.

लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील जे. डी. बर्नाल यांना ही दोन्ही उत्तरे पटेनात. १९५९ च्या सुमारास त्यांनी चेंडू आणि लहानमोठ्या काड्या घेऊन कचेरीतच द्रवाची प्रतिकृती जोडायला घेतली. मुद्दाम अस्ताव्यस्त जोडणे सोपे नाही, हात नकळत नक्षी काढू लागतो. पण दर पाच-एक मिनिटांनी कोणी ना कोणी येई आणि आधी कसे जोडले होते हेच बर्नाल विसरत. तो व्यत्ययच पथ्यावर पडला!

पुढे मुलांच्या खेळातल्या रंगीत मातीचे गोळे खडूच्या भुकटीत घोळवून एकत्र दाबले. प्रत्येक गोळ्याला सरासरी तेराहून थोडे अधिक पैलू पडले, आणि त्यांत भरणा पंचकोनी पैलूंचा! पोलादी छर्रेही ओतून मोजले. मिठाईवाल्याच्या लाडवांसारखे नीट रचलेले गोळे ७४ टक्के जागा भरतात. ओतून हलवलेले अस्ताव्यस्त गोळे सुमारे ६४ टक्केच.

खरी गोम त्या पंचकोनात आहे. सारख्या बाजूंच्या आणि सारख्या कोनांच्या पंचकोनी फरशांनी अंगण भरून पाहा. कुठे ना कुठे फट राहतेच. पाचाच्या ठेवणीला रांग धरता येत नाही. धातूंचे बारीक थेंब गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली नेले तरी द्रवच राहतात. याचे कारण चार्ल्स फ्रँक यांनी १९५२ मध्येच सुचवले होते. एका अणूभोवती बारा अणू अशाच पंचकोनी ठेवणीने बसत असावेत. ती मोडल्याशिवाय स्फटिक बांधायचा कसा? सन २००० मध्ये ग्रेनोबल येथे क्ष-किरणांनी शिशाच्या रसात या ठेवणीचा पुरावा सापडला.

बर्नाल यांचे गोळे स्थिर होते, खरे अणू क्षणोक्षणी जागा बदलतात. ती धावपळ आता संगणक दाखवतात. तरी मास्तरकीची वर्षे वर्गाच्या रांगा लावण्यात घालवलेल्या मला या हकीगतीचे विशेष वाटते. सुट्टीची घंटा होताच रांगा मोडतात आणि अंगणभर मुलांची कोंडाळी जमतात. त्यांना आपण गोंधळ म्हणून मोकळे होतो. बर्नाल यांनी मात्र तो गोंधळ मोजायला घेतला.