एकेकटे शहाणे



२०१७च्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचा चहा घेऊन संगणक उघडला, तर माझं संकेतस्थळ कोरं! लेख नाहीत, फोटो नाहीत, काय चुकलं ते सांगणारी साधी ओळही नाही. नुसता पांढरा पडदा. ह्यांनी बदलीच्या गावाहून मला लिहिलेली पत्रं मी दोन वर्षं बसून तिथे टंकली होती. नंतर मूळ कागद वाळवीने खाल्ले. म्हणजे जे काही उरलं होतं ते तिथेच. हातपाय गार पडले. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी रडू नकोस. पत्रं कुठेही गेलेली नाहीत. दोन प्लगिन्सचं भांडण झालंय."

आता जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे भांडण म्हटलं की माझा पहिला प्रश्न, "सुरुवात कुठून झाली?" पुढे हळूहळू वाचत गेले, ते आज लिहिते.

प्लगिन म्हणजे मूळ प्रणालीला बाहेरून लावलेला जोडभाग. कुणी फोटो मांडायला लावतो, कुणी पाहुणे मोजायला. गंमत अशी, की एक जोडभाग लिहिणाऱ्याला दुसरा कोण, हे ठाऊकच नसतं. सगळे अनोळखी भाडेकरू, पण स्वयंपाकघर एकच!

हे दुखणं वेबसाइट्सच्या आधीचं आहे. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकावर १९९१ साली सिस्टिम ७ आली. तीत अशा जोडभागांसाठी 'एक्स्टेंशन्स' नावाचा वेगळा फोल्डर होता. संगणक सुरू होताना ते एकामागून एक जागे होत आणि मूळ प्रणालीच्या कामात आपापला हात घालत. दोघांनी एकाच ठिकाणी हात घातला की संगणक अडकायचा. कोण आधी जागा होतो यावरही बरंच अवलंबून असे. हा क्रम नावाच्या अक्षरांवर ठरायचा, म्हणून लोक नावाआधी एखादं चिन्ह टाकून एखाद्याला पुढे किंवा मागे ढकलत. आमच्या हजेरीपटात असं करता आलं असतं तर काही मुलांनी नक्की केलं असतं!

सुरू करताना शिफ्टची कळ दाबून धरली की सगळी एक्स्टेंशन्स बंद. त्याने दुखणं थांबलं तर दोष त्यांच्यातच कुठेतरी, एवढं कळे. पण नेमका कुणात? यासाठी कॅसडी अँड ग्रीन या कंपनीने 'कॉन्फ्लिक्ट कॅचर' नावाचा प्रोग्रॅम विकायला काढला. तो लिहिणारे जेफ रॉबिन पुढे अ‍ॅपलच्या आयट्यून्सचे मुख्य कर्ते झाले. हा प्रोग्रॅम काही जोडभाग बंद करायचा, संगणक पुन्हा सुरू करायला लावायचा आणि विचारायचा, "अजून त्रास आहे का?" उत्तराप्रमाणे संशयितांची यादी आखडत जायची. वैद्य पथ्य सांगताना करतात तेच, नाही का? २००१ साली मॅक ओएस एक्स आली आणि तिच्यात ही जुनी पद्धतच उरली नाही.

पण भांडण संपलं नाही, त्याने घर बदललं. 'बीटू' नावाच्या जुन्या प्रणालीवरून मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली वर्डप्रेस काढलं. मे २००४च्या १.२ या आवृत्तीत प्लगिन्सची सोय झाली. सुरुवातीच्या प्लगिन्सपैकी एकाचं नाव 'हॅलो डॉली'. लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्यातली एखादी ओळ कोपऱ्यात दाखवायची, एवढंच त्याचं काम. त्या निरुपद्रवी डॉलीमागून पुढे हजारो प्लगिन्स आली.

आता माझ्या घरातलं भांडण. प्रत्येक प्लगिनमध्ये छोटी छोटी कामं असतात आणि प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलंय तिचा नियम असा, की एक नाव दोघांना दिलं तर सगळं जागीच थांबवायचं. वर्गात दोन संजय असले की आम्ही काय करायचो? बापाचं नाव जोडायचो! जाणते लोक प्लगिनमध्येही तसंच करतात, प्रत्येक नावाआधी आपली खूण लावतात. २००९च्या पीएचपी ५.३पासून तर भाषेनेच आडनावासारखी सोय दिली. पण जुनी सवय सहजी जात नाही.

भाच्याने सर्व्हरवर जाऊन प्लगिन्सच्या फोल्डरचं नावच बदललं. प्रणालीला एकही प्लगिन सापडेना, आणि पत्रं परत दिसली! मग फोल्डरला जुनं नाव देऊन एकेक प्लगिन सुरू केलं. नवव्याला नकार आला आणि कारणही दिसलं, "हे नाव आधीच घेतलेलं आहे." ते घेतलं होतं तिसऱ्याने. आदल्या रात्री मी नवव्याची नवी आवृत्ती घेतली होती, तिच्यात हे नाव नव्याने आलं होतं. तिसरं बंद केलं तर नववं व्यवस्थित, नववं बंद केलं तर तिसरं व्यवस्थित. एकेकटे दोघेही शहाणे.

पुढे मे २०१९मध्ये वर्डप्रेस ५.२ आलं. त्यात असा घोटाळा झाला की कोऱ्या पडद्याऐवजी सूचना दिसते, आणि चालकाला ईमेलने आत शिरायची वाट मिळते. तेव्हा मात्र भाचा हीच माझी वाट होती!

त्या रात्री मला सातवीतले दोन विद्यार्थी आठवले. एकाच बाकावर बसायचे आणि रोज कटकट. मी त्यातल्या एकाच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "मुलगा वाया चाललाय." दुसऱ्याला काही बोलले नाही. पुढच्या सत्रात बाक बदलले, आणि दोघेही गुणी निघाले. त्या वडिलांचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. आधी बाक बदलून पाहायला हवे होते.

असो. पत्रांची आता घरी वेगळी प्रत आहे, एक भाच्याकडेही आहे. तुम्हीही आजच काढून ठेवा, आणि मला कळवा.