त्सावोचे सिंह आणि त्सावोची माणसे

केनियाच्या आग्नेय भागात तैता-तावेता नावाचा जिल्हा आहे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानाने व्यापला आहे. हे उद्यान १९४८ साली स्थापन झाले. नजर पोचेल तिथवर काटेरी रान, तांबडी माती आणि त्या मातीत लोळून तांबडेच झालेले हत्ती! मधूनच तैताच्या हिरव्या टेकड्या उठतात आणि आकाश निवळले की पश्चिमेस किलिमांजारोचे हिम चमकते. म्झिमाच्या झऱ्यांची तर मौज पाहा. च्युलू टेकड्यांवर पडलेला पाऊस ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकात मुरतो, भुईखालून मैलोगणती वाट काढतो आणि येथे निवळशंख होऊन वर येतो. त्या पाण्यात पाणघोडे डुंबतात आणि त्याच पाण्यावर दूरच्या मोंबासा शहराची तहान भागते.

पण येणारा पाहुणा आधी विचारतो ते सिंहांविषयी. १८९८ साली त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधला जात असताना आयाळ नसलेले दोन सिंह रात्री तंबूंत शिरून मजूर ओढून नेऊ लागले. काट्यांची कुंपणे घातली, शेकोट्या पेटविल्या, व्यर्थ! भयाने काही आठवडे कामच थांबले. अखेर डिसेंबरात पॅटर्सन या इंजिनियराने दोघांनाही मारले. पुढे त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि ते सिंह पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात जाऊन बसले.

बळी किती? रेल्वेच्या हिशेबी २८ हिंदी मजूर. पॅटर्सनने पुढे १३५ सांगितले. सिंहांच्या हाडांची व केसांची तपासणी करून २००९ साली शास्त्रज्ञांनी सुमारे ३५ हा अंदाज काढला.

आता दुसरा हिशेब पाहू. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत ही रेल्वे बांधण्यास हिंदुस्थानातून, मुख्यत्वे पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले गेले. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास मेले. सिंहांचे बळी ३५ धरले तरी शेकडा दोन भरत नाहीत! बाकीचे गेले ते हिवताप, आमांश, अपघात यांनी. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस शोधून काढले तेही १८९७ सालीच.

सिंहाची गोष्ट होते; डासाची होत नाही. २०१७ पासून त्सावोतून नवी रेल्वे धावते. खिडकीशी बसलेला प्रवासी डोळे ताणून सिंह शोधतो. त्याने अवश्य शोधावा. मात्र या वाटेवर पहिले रूळ टाकताना तापाने तळमळत गेलेल्यांचीही आठवण त्याने ठेवावी. हा इतिहास त्यांचा आहे.