सिंगापूरच्या मेथडिस्ट चर्चचं पुण्याशी नातं

सिंगापूरच्या मेथडिस्ट चर्चची कुळकथा पुण्यापासून सांगावी लागते. विल्यम ओल्डहॅम यांचा जन्म १८५४चा, बंगळुरातला. सरकारी मोजणीच्या नोकरीत पुण्यात असताना ते कुतूहलापोटी मेथडिस्ट प्रचारक डॅनियल फॉक्स यांच्या सभेला गेले आणि त्याच पंथाचे झाले. पुढे नोकरी सोडून ते अमेरिकेत शिकून आले.

भारतातले ज्येष्ठ मिशनरी जेम्स थोबर्न यांच्या मनात तेव्हा सिंगापुरात मिशन सुरू करायचं घोळत होतं. १८८४च्या हैदराबाद परिषदेत ओल्डहॅम यांची नेमणूक तिथे झाली. शहर अनोळखी आणि पैशाचं पाठबळही नाही. अशा वेळी थोबर्न यांनी त्यांना नुसता निरोपाचा आशीर्वाद दिला नाही, ते स्वतः सोबत निघाले. ७ फेब्रुवारी १८८५ला जहाज सिंगापूरला लागलं. टाउन हॉलमध्ये थोबर्न यांची प्रवचनं झाली आणि २३ फेब्रुवारीला मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. मग थोबर्न भारतात परतले. सुरुवातीच्या सर्वांत कठीण दिवसांत ज्येष्ठ माणूस खांद्याला खांदा लावून उभा राहिला, म्हणूनच तरुण ओल्डहॅम यांना एकट्याने पाय रोवता आले.

समोरच्याची गरज ओळखून सोबत उभं राहायची हीच रीत ओल्डहॅम यांनी पुढे चालवली. 'सेलेस्टियल रीझनिंग असोसिएशन' या चिनी व्यापाऱ्यांच्या वादसभेत त्यांनी खगोलशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्यातून व्यापारी तान केओंग साइक यांच्याशी ओळख वाढली आणि ओल्डहॅम त्यांना इंग्रजी शिकवू लागले. इतर व्यापाऱ्यांनाही आपल्या मुलांना इंग्रजी यावं असं वाटत होतं. १ मार्च १८८६ला अमॉय स्ट्रीटवरच्या एका दुकानघरात १३ मुलांची अँग्लो-चायनीज स्कूल सुरू झाली. तिला चिनी व्यापाऱ्यांनी सढळ हाताने मदत केली. त्यांतले अनेक जण ख्रिस्ती नव्हते. आपल्या मुलांचं भलं चिंतणाऱ्या माणसावर त्यांनी विश्वास टाकला होता.

ब्रिटिश सैन्यातले अधिकारी विल्यम शेलाबेअरही या मेथडिस्ट मंडळीत आले. मलय लोकांमध्ये मिशनरी म्हणून काम करण्यासाठी त्यांनी सैन्य सोडलं, छापखाना उभारला, बायबलचं मलय भाषांतर केलं आणि 'सेजारह मलायू' हा मलय इतिहासग्रंथही छापला.

थोबर्न १८८८ साली बिशप झाले आणि १९०४ साली ओल्डहॅमही. पण त्यांची खरी कामगिरी या पदांच्या आधीची आहे. सुवार्ता सांगायला गेलेल्यांनी आधी समोरच्याची गरज ऐकून घेतली. सिंगापुरात मेथडिस्ट चर्च रुजलं ते या ऐकून घेण्यामुळे.